समृद्धीचं बटण

"हलू नकोस गं! तार सुटेल!"

"मी कुठं हलतेय? तूच हलतोयस!" पकड घट्ट धरत अक्षदा म्हणाली.

२००७ सालची दिवाळीची सुट्टी. सूरज मंचरहून निमगाव सावाला मामांकडे आला होता आणि आल्या आल्या त्याने एक जुना यूएसबी माऊस खोलला होता. माऊसच्या डाव्या बटणाच्या टोकांना त्याने दोन तारा जोडल्या. तारांची दुसरी टोकं बेलच्या एका सुट्या बटणाला जोडली आणि त्या बटणावर डब्याचं रुंद झाकण चिकटवलं.

हा सगळा खटाटोप अक्षदाच्या मोठ्या बहिणीसाठी, समृद्धीसाठी होता. समृद्धी बारा वर्षांची. जन्मापासून तिचे हातपाय तिचं ऐकत नसत आणि तोंडातून शब्द नीट फुटत नसे. दिवसभर ती ओट्यावर खुर्चीत बसून समोरचं शेत आणि तिथलं पंपघर बघत असायची. शेजारी बसून अक्षदा मोठ्याने अभ्यास करायची, त्यामुळे अक्षरं तिला केव्हाच येत होती. पण घरातल्या मोठ्यांना ते खरं वाटायचं नाही!

आज सकाळपासून ती बेचैन होती. शेताकडे मान वळवून सारखी ओरडत होती, "ब... ब..."

"हां हां, बाबा हितंच हाय," म्हणत तिचे वडील, म्हणजे सूरजचे मामा सावळाराम, यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते गोठ्यात निघून गेले.

"ती बाबांना हाक मारत नाहीये," अक्षदा म्हणाली. "बाबा पुढ्यात होते, तरी ती शेताकडंच बघत होती!"

"मग तिलाच विचारू!"

सूरजने खुर्ची घरातल्या संगणकापुढे ओढली आणि झाकण समृद्धीच्या गालाजवळ बांधलं. मान तेवढी तिला हवी तशी वळवता यायची. संगणकाच्या क्लासमध्ये शिकून त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. पडद्यावर एकेक अक्षर उजळत जायचं. हवं ते आलं की बटण दाबायचं. काना-मात्रा मात्र त्याला जमल्या नव्हत्या.

"समृद्धी, काय सांगायचंय तुला?"

अक्षरं सरकू लागली. 'प' उजळला. टक!

"दाबलं! तिनं दाबलं!" अक्षदा नाचायलाच लागली.

पुन्हा 'प'. मग 'घ'. मग 'र'.

"पपघर... अरे, पंपघर!"

'ब'. पुन्हा 'ब'. मग 'ट'.

सूरजच्या अंगावर काटा आला. "बिबट! पंपघरात बिबट्या आहे?"

समृद्धीने जोरजोरात मान डोलावली.

घड्याळात पावणेचार वाजले होते. चारला शेतीची वीज यायची आणि मोटार चालू करायला मामा थेट पंपघरात शिरायचे! दोघं बाहेर धावली. मामा किल्ली घेऊन निघालेच होते.

"मामा, थांबा! पंपघरात बिबट्या आहे!"

"कुणी सांगितलं?"

"समृद्धीनं!"

"तिला बोलता तरी येतं का राव? सरा बाजूला, लई कामं हायेत!"

अक्षदाने त्यांच्या हातातली किल्ली हिसकावली आणि पळत जाऊन थेट कडब्याच्या गंजीत भिरकावली!

"अगं कार्टे!" मामा गंज उपसत बसले. तेवढ्या वेळात सूरजने वनखात्याला फोन लावला.

मामांना किल्ली सापडली, तेव्हा वनखात्याची जीप दारात उभी होती! वनरक्षक रखमाजी यांनी दुर्बिणीतून पंपघराची फुटकी खिडकी न्याहाळली आणि ते हळूच म्हणाले, "मादी आहे. मोटारीमागे दोन पिल्लं आहेत. तुम्ही आत गेला असता, तर ती अंगावरच आली असती! आता तिकडं कुणी फिरकू नका. ती आपली पिल्लं घेऊन जाईल."

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. ते घरात आले आणि समृद्धीच्या खुर्चीपाशी खालीच बसले.

"पोरी, तुला सगळं कळत व्हतं. आमालाच कळलं न्हाई."

"तिन्ही पोरं लाखात एक आहेत!" रखमाजींनी सूरज-अक्षदाची पाठ थोपटली. "आणि सगळ्यांत आधी धोका ओळखला तो हिनं!"

मामांनी डोळे पुसले. "सांग, तुला काय पायजे?"

अक्षरं सरकली. 'श'. मग 'ळ'.

"शाळा!" अक्षदा ओरडली.

मामा म्हणाले, "सुट्टी संपली की पहिल्याच दिवशी मी सोता नेऊन बसवतो. हा संगणक बी संगं!"

बटण पुन्हा वाजू लागलं. 'न'. 'क'. 'क'.

"नक्की?" सूरजने वाचलं.

"नक्की गं माझे बाई, नक्की!" मामा म्हणाले, आणि समृद्धी सगळ्यांत मोठ्याने हसली.