नऊ मिनिटं आधी

"जरा पाय उचला... निळ्या वायरवर उभे आहात तुम्ही!"

आवाज रॅकच्या मागून आला. ग्रिड केंद्राकडून आलेला इंजिनिअर दचकून एका पायावर उभा राहिला. मागून आधी एक वेणी आली, मग दातांत धरलेला स्क्रूड्रायव्हर आणि मग ती — विभागाच्या क्लस्टरची, म्हणजे एकत्र जोडलेल्या चाळीस संगणकांची, एकुलती एक कर्तीधर्ती.

"ठेवू का आता खाली?"

"काय?"

"पाय."

ती खुदकन हसली आणि तिथेच... पण थांबा, आधी काम.

ठिकठिकाणच्या संशोधन संस्थांनी आपापले क्लस्टर एकमेकांना जोडून एक सामायिक ग्रिड उभं केलं होतं. त्यात शिरायचं तर बाहेरून आलेलं चाचणीचं काम आपल्या क्लस्टरने स्वीकारून पुरं करून दाखवायचं. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची. ती हुकली की बसा वर्षभर. दोन वर्षं भुणभुण लावून विभागप्रमुख सरांना तिनेच राजी केलं होतं, त्यामुळे तोंडघशी पडणार होती तीच.

पाच दिवस दोघं शेजारी बसून राबले. चाळीसही मशीन एकसारखी केली, वायरी तपासल्या, एकाच्या कपातला चहा चुकून दुसऱ्याने प्यायला. पण दर चाचणीला एकच उत्तर — ओळख पटली नाही.

तिच्या मनात मात्र आणखी एक कोडं होतं. रोजची वेळ दहाची ठरलेली. पण दारावर त्याची टकटक व्हायची तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात नऊ एक्कावन्न झालेले असायचे. रोज! इतक्या लवकर कोण कशाला येईल? उत्तर तिने मनाशी काढलं होतं, आणि त्या उत्तरावर तिचा आठवडा फार छान चालला होता.

शुक्रवारी दुपारी तिला राहवलं नाही.

"एक विचारू? तुम्ही रोज... नऊ मिनिटं आधी का येता?"

"मी? छे! मी तर दहाच्या ठोक्याला येतो."

"मग ते घड्याळ काय खोटं बोलतं?"

त्याने भिंतीकडे पाहिलं, मग मनगटाकडे. "नऊ मिनिटं मागे आहे की हे."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणजे तसं काहीच नव्हतं... आणि दुसऱ्याच क्षणी ती किंचाळली, "अगं बाई! मेन सर्व्हर!"

मशीन या खोलीत हलवली तेव्हा वेळ आपोआप जुळवणारं नेटवर्क आलं नव्हतं. तिने त्याच घड्याळात बघून बाहेरची कामं स्वीकारणाऱ्या या सर्व्हरची वेळ हाताने लावली होती आणि नंतर साफ विसरली होती. ग्रिडकडून येणाऱ्या प्रत्येक ओळखपत्रावर ते बनल्याची वेळ असते. मागे पडलेल्या सर्व्हरच्या लेखी ती वेळ अजून उगवलेलीच नव्हती, मग तो बिचारा कुणाला आत घेणार?

दारातले शिपाईकाका खाकरले. "घड्याळ मीच मागे केलं, पोरी. तुझी बस रोज उशिरा. आणि सर ओरडतात ते या घड्याळात बघून."

तिला हसावं की रडावं कळेना. वेळ दुरुस्त झाली, चाचणी धाडली गेली. चार वाजून वीस मिनिटांनी पडद्यावर हिरवी खूण उमटली. सरांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

त्याने बॅग भरली. "सोमवारी दुपारची गाडी आहे..."

"हो का," ती म्हणाली. एवढंच. आणि स्टूल ओढून भिंतीवरचं घड्याळ नीट लावायला लागली.

सोमवारी ती आयुष्यात पहिल्यांदा वेळेआधी आली. घड्याळ तिने स्वतःच्या हाताने लावलं होतं. टकटक झाली. तिने वर पाहिलं — नऊ एक्कावन्न!

दारात तो, खांद्याला बॅग.

"घड्याळ बरोबर आहे ना?" त्याने विचारलं.

"मी लावलंय."

"मग नीट बघून ठेवा. आज खरंच नऊ मिनिटं आधी आलोय... आणि कामासाठी नाही. तुमच्यासाठी."

तिचे कान गरम झाले. "मला शुक्रवारी रडू आलं होतं," ती म्हणाली, "तुम्ही वेळेवर येत होतात हे कळल्यावर."

"शनिवारी परत आलो तर चालेल?"

"चालेल... पण पाय उचला आधी. निळी वायर!"

दोघंही हसत सुटले. मागे खरखर झाली म्हणून तिने वळून पाहिलं. काका स्टुलावर चढून घड्याळाचा काटा मागे फिरवत होते.

"काका! हे काय? सर्व्हर आता त्या घड्याळाकडे बघत नाही!"

"सर्व्हरसाठी कोण करतंय?" काका म्हणाले. "यांची गाडी दुपारची आहे ना?"