दोनशे तेरावं कार्ड

इंद्रभान शेगावला उत्तमरावांच्या खोलीवर आला, तेव्हा त्याच्या काखेत छापील कागदांचं भेंडोळं होतं. त्याने कॉम्प्युटरवर केलेल्या गणिताच्या भरवशावर तीन वर्षांपूर्वी, शहात्तर साली, वडनेरच्या नाल्यावर बांध घातला गेला आणि पहिल्याच पुरात वाहून गेला. त्यात त्याच्या घरचं वावर गेलं, मग नोकरीही गेली. आई सिंधूताईने त्याच्याशी बोलणं टाकलं.

"नोकरी नको मले," तो म्हणाला. "माही चूक कोन्ती, येवढं सांगा."

उत्तमराव गणिताचे निवृत्त प्राध्यापक. लोकांची गुंतलेली प्रकरणं सोडवणं हा त्यांचा आताचा उद्योग. सोबतीला शेषराव. त्यांनी इंद्रभानच्याच ऑफिसात नऊ वर्षं, ज्यांच्यावर भोकं पाडून प्रोग्राम उतरवतात त्या कार्डांची खोकी मुंबईच्या मोठ्या कॉम्प्युटरपर्यंत वाहिली होती. या पोराचं त्यांना मनापासून वाईट वाटे. सी अक्षराने सुरू होणारं कार्ड म्हणजे नुसती टीप, यंत्र ते वाचतच नाही, असं ज्ञानही त्यांनी उत्तमरावांना उत्साहाने दिलं.

चौकशी झाली. ऑफिसच्या अर्जुनराव साहेबांनी खोकं न उघडताच सही ठोकल्याचं कबूल केलं. कार्डांना भोकं पाडणाऱ्या सत्यभामाबाईंनी वही दाखवली: कार्डं दोनशे बारा.

दोन दिवसांनी उत्तमरावांनी भेंडोळं उलगडलं. इंद्रभान आपलाच प्रोग्राम तपासत बसला होता आणि तो बिनचूक होता. त्याखाली कंपायलरने, म्हणजे प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामने, यंत्रासाठी काढलेल्या आज्ञा कुणीच वाचल्या नव्हत्या. आजची पाण्याची पातळी काढायला कालची लागते. या आज्ञा मात्र आठ दिवसांसाठी लागणाऱ्या कालच्या पातळ्या एकदमच उचलत होत्या. त्यातल्या सात अजून निघालेल्याच नसत, म्हणून त्यांच्या जागची शून्यं घेतली जात आणि पूर कागदावर बुटका दिसे.

अशी घाई कंपायलर आपणहून करत नाही. छापील प्रतीत कार्डं दोनशे तेरा होती. जास्तीचं कार्ड सीने सुरू होत होतं, म्हणून इंद्रभान त्यावरून पुढे जाई. मुंबईचा कंपायलर मात्र सीपुढे ठराविक शब्द असलेलं कार्ड टीप न मानता हुकूम म्हणून पाळत असे: दिवस एकमेकांवर अवलंबून नाहीत, खुशाल एकत्र घे.

"बाईनं पाडलं नाही, साहेबानं खोकं उघडलं नाही," उत्तमराव हळूच म्हणाले. "मंग राह्यलं कोन, शेषराव?"

शेषरावांना ती दुपार आठवली. मुंबईत कॉम्प्युटरपुढे रांग लांब होती, परतीची गाडी चुकणार होती. तिथल्या माणसाने एक कार्ड हातावर ठेवलं, हे घाला, काम लवकर होईल.

"मीच घातलं," ते म्हणाले. "मले वाटलं टीप हाय, तिनं काय होते." त्यांना स्वतःची लाज वाटली. "मी येतो वडनेरले, इंद्रभान. सिंधूताईच्या पाया पडून सांगतो, पोराची चूक नोती."

इंद्रभान कागदाच्या घड्या घालत राहिला. रागावला असता तर शेषरावांना बरं वाटलं असतं.

"माय पोळ्याच्या आधीच गेली, काका," तो म्हणाला. "शेवटपर्यंत बोलली नाही."