रिकाम्या खाटेवरचं जेवण

आधीच सांगून ठेवते. ही गोष्ट मित्राच्या मित्राकडून आलेली नाही. अर्धी माझ्या सख्ख्या मावशीबरोबर घडली आणि पुढची मी स्वतःच्या कानांनी ऐकली. तुम्हाला खोटी वाटली तर वाटू दे. मलाही ती खोटी ठरली असती तर बरं झालं असतं.

आणि यात अमावास्येची रात्र वगैरे काही नाही.

जे घडलं ते भर दुपारी, जेवणवेळ उलटल्यावर, लख्ख उजेडात.

मावशी लष्करी इस्पितळात सिस्टर होती. तिथे सिस्टर म्हणजे अधिकारीच. आम्ही भाचरं तिच्यापुढे चळाचळा कापायचो. हिच्यासमोर भूत आलं तर ही आधी त्याचा ताप बघेल, असं माझे बाबा म्हणायचे.

ऑपरेशन थिएटरच्या अलीकडची खोली तिच्याकडे होती. तीन खाटा, मध्ये हिरवे पडदे, खिडकीबाहेर कवायतीचं मैदान. पेशंटला आधी या खोलीत आणून निजवायचे. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं, म्हणून या खोलीत अन्नाचा कण येत नसे. मावशी चहाचा कपसुद्धा दाराबाहेर ठेवायला लावायची.

एकदा आईच्या आजारपणात मावशी रजा घेऊन आमच्याकडे आली होती. परत गेली तेव्हा वॉर्डातला एक जवान नव्हता.

अंगाने काडी, पण जेवायला असा की वॉर्डात त्याचं नाव बकासुर पडलं होतं. हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं. चार दिवसांत घरी जायचा.

त्याचा नंबर दुसऱ्या दिवशीचा होता. म्हणून त्या दुपारी तो पोटभर जेवला. तेवढ्यात कुणा बड्या साहेबांचं ऑपरेशन रद्द झालं, थिएटर मोकळं झालं. कर्नल साहेब, म्हणजे तिथले मोठे सर्जन, म्हणाले की उद्याच्या पोराला आत्ताच घ्या.

खिडकीजवळच्या खाटेपाशी उभं राहून त्यांनी त्याला विचारलं, "सकाळपासून उपाशी आहेस ना?"

तो म्हणाला, "हो, साहेब."

मी मावशीला विचारलं होतं, तो असं का म्हणाला? तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळी.

"अगं, कर्नल वर उभा, हा खाली आडवा. तिथे नाही म्हणायला जीभ वळते का कुणाची? 'तू हत्ती आहेस ना' असं विचारलं असतं, तरी हो साहेबच म्हणाला असता."

पुन्हा कुणी विचारलं नाही. वॉर्डात विचारायलाही कुणी गेलं नाही. भूल चढली आणि पोटातलं सगळं उलटून फुप्फुसात गेलं.

तो परत शुद्धीवर आलाच नाही.

घरच्यांना कळवलं की हृदय कमजोर होतं. खरं काय ते इस्पितळातल्या झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, पण वरून सांगितलं गेलं होतं की विषय संपला. सगळे मूग गिळून बसले. मावशी कर्नलशी भांडायला गेली, तर ते म्हणाले, तुम्ही रजेवर होता, तुम्हाला काय माहीत. त्या रात्री ती फोनवर आईजवळ रडली. मावशीला रडताना आम्ही त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मग ते सुरू झालं...

दुपार होती. त्या खोलीत कुणी नव्हतं. मावशी चादरींच्या घड्या घालत होती.

टक्...

टक्... टक्...

तिला वाटलं, मैदानावरच्या झेंड्याची दोरी खांबावर आपटते आहे. तिने खिडकी लावून घेतली.

टक्... टक्... आणि मग खरवडल्याचा आवाज.

स्टीलच्या ताटात चमचा वाजत होता. कुणीतरी भराभरा जेवत होतं. खिडकीजवळच्या खाटेवर, पडद्यामागे.

तिने पडदा सरकवला.

खाट रिकामी. चादर ताणलेली, एक सुरकुती नाही. अन्नाचा वाससुद्धा नाही...

कुणाला सांगावं असं तिला वाटलं नाही. भुताचा ताप बघणारी बाई ती, सगळे हसले असते. पण पुढे वॉर्डबॉयनेही तो आवाज ऐकला आणि हातापाया पडून दुसरीकडे ड्यूटी मागून घेतली.

काही दिवसांनी एका ड्रायव्हर जवानाचं ऑपरेशन होतं. कर्नल नेहमीसारखे खाटेपाशी आले.

"उपाशी आहेस ना?"

"हो, साहेब."

टक्...

पडद्यामागे चमचा वाजला.

या वेळी सगळ्यांनी ऐकलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांचा हात सुई भरता भरता थांबला. कर्नलनी पडद्याकडे बघितलं आणि मान फिरवली. चमचा वाजतच राहिला... भराभरा... कुणीतरी घाईघाईने काही सांगत असावं तसा.

मावशी ड्रायव्हरच्या कानाशी वाकली. उपाशी आहेस का, असं तिने विचारलंच नाही. तिने विचारलं, "बाळा, शेवटचं काय खाल्लंस?"

त्याने आधी कर्नलकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले. भूक सहन झाली नाही म्हणून त्याने वॉर्डात उशीखाली ठेवलेली बिस्किटं खाल्ली होती. थोड्याच वेळापूर्वी.

ऑपरेशन पुढे ढकललं. चमचा थांबला.

त्यानंतर मावशीच्या खोलीत 'हो' म्हणून सुटता येईल असा प्रश्न कुणी विचारायचा नाही, असा नियम झाला. काय खाल्लं, कुठे दुखतंय, नाव काय, हे सगळं पेशंटनेच सांगायचं.  कर्नल मात्र त्या खोलीतून जायचं टाळू लागले.

आता माझ्या वाट्याचं सांगते.

मावशीचा पाय मुरगळला होता, म्हणून मी तिला आणायला इस्पितळात जात होते. त्या दुपारी तिच्याकडे एक गृहस्थ आले होते. पाठ ताठ, शर्टाला कडक इस्त्री, मिशी पांढरी. बकासुराचे वडील. तेही फौजेतूनच निवृत्त झालेले. बाहेर ऊन होतं, म्हणून मावशीने त्यांना त्याच खोलीत बसवलं.

ते तक्रार करायला आले नव्हते. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती.

"सिस्टर, हे हृदयाचं दुखणं रक्तात असतं का हो? धाकटी मुलगी आहे मला. पळण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. पण हा गेल्यापासून तिला पळू देत नाही आम्ही. जिना चढून आली तरी तिची आई छातीला कान लावून बसते."

 मावशीची निवृत्ती जवळ आली होती. समोर कर्नलच्या खोलीचं दार उघडं होतं. ती काय बोलते याकडे माझं लक्ष लागून राहिलं होतं.

आणि तेव्हाच...

टक्...

मी दचकले. मावशीने माझा हात घट्ट धरला.

टक्... टक्... टक्...

वडिलांनी मान वर केली. ते घाबरले नाहीत. ते ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"हा असाच जेवायचा," ते म्हणाले. "ट्रेनिंगमध्ये शिट्टी व्हायच्या आत ताट संपवावं लागतं. घरी सुट्टीवर आला तरी ती सवय सुटली नव्हती."

ते उठले. पडद्यापाशी गेले, पण पडदा त्यांनी सरकवला नाही.

"सावकाश खा, पोरा. आता कुणी उठवत नाही तुला."

आवाज थांबला.

मग एक चमचा... बऱ्याच वेळाने दुसरा... अगदी निवांत.

 मावशी स्टुलावर बसली आणि तिने त्यांना सगळं सांगितलं. ताट, रद्द झालेलं ऑपरेशन, कर्नलचा प्रश्न, सगळं. आवाज जरासुद्धा खाली न आणता. समोरचं दार कुणीतरी आतून लावून घेतलं.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, "साहेबांनी विचारलं तेव्हा तो काय म्हणाला?"

"हो साहेब म्हणाला."

ते जमिनीकडे बघत म्हणाले,

"भरतीला निघाला तेव्हा मीच सांगितलं होतं. साहेबांनी काहीही विचारलं, तरी एकच उत्तर द्यायचं."

 मला रडू आलं.

जाताना ते पुन्हा त्या पडद्यासमोर उभे राहिले. धाकटीला पळायला सांगतो, असं त्याला म्हणाले. मग हात पुढे केला, लहान मुलाला चालायला बोलवावं तसा.

"चल, घरी येतोस ना?"

सगळं शांत झालं. चमचाही नाही...

आणि मग पडद्यामागून आवाज आला. हळू, पण स्पष्ट. मी शपथेवर सांगते, मी ऐकला.

"नाही, बाबा."

वडिलांनी मान हलवली. हात खाली घेतला. आणि तसेच, ताठ पाठीने, निघून गेले.

मावशीची चौकशी झाली, बदली झाली. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या जागी आलेली सिस्टर तिला अधूनमधून फोन करते. चमचा अजून वाजतो म्हणे. वाजला की ते पेशंटला परत विचारतात, आणि दर वेळी काही ना काही निघतंच. कुणी चोरून चहा प्यायलेला असतो, कुणाला दुसऱ्याचीच गोळी दिलेली असते.

परवा दुपारी पुन्हा त्या सिस्टरचा फोन आला. मी मावशीकडेच होते. 

त्या दिवशी एकही ऑपरेशन नव्हतं. खोलीत पेशंट नव्हता. तरी आवाज येत होता, आणि थांबत नव्हता.

दोन चमचे होते. दोन ताटं. सावकाश... कुणी घाईत नसल्यासारखे.

मावशीने फोन ठेवला आणि बकासुराच्या वडिलांचा नंबर लावला. खूप वेळ रिंग वाजत राहिली.

धाकटीने उचलला. ती रडत होती. मावशीने काही विचारलंच नाही.