काचेतलं जुळं

पहाटेची पाच किलोमीटरची फेरी संपवून रंगनाथ थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या दारात आला आणि त्याच्या दंडावरची पट्टी हिरवी झाली. तीन गल्ल्या पलीकडच्या प्रयोगशाळेत, काचेच्या भांड्यात वाढणाऱ्या त्याच्या पेशींनाही तेव्हाच चालून आल्याचं सुख मिळालं.

त्या पेशींना घरात सगळे ‘जुळं’ म्हणत. रंगनाथच्या स्वादुपिंडाचा एक कण काढून तो भांड्यात वाढवला होता. पट्टी त्याच्या रक्तातली साखर मोजायची आणि भांड्यातल्या रसाची साखर तेवढीच राखली जायची. तो चालला की जुळं चालायचं. तो भाजी-भाकरीवर उठला की तेही उठायचं. वर्षभर असा नेम पाळला की पेशींना ते शरीर अंगवळणी पडतं. मग त्या पोटात बसवायच्या, आणि साखर आवरायचं काम त्यांच्यावर सोडायचं.

कण मात्र जन्मात एकदाच काढता येतो. रंगनाथचा डावा डोळा साखरेनं आधीच नेला होता. उजव्याला डॉक्टरांनी आता फार तर वर्ष दिलं होतं.

आज तीनशे पासष्टावा दिवस. अकरा वाजता पेशी बसवायच्या होत्या.

“वर्षभर माझ्याही चहात साखर नाही हो वन्सं,” पिशवी भरता भरता त्याची बायको शालन म्हणाली. दोघं कालपासून आक्काकडेच मुक्कामाला होती. “तुमच्या भावानं मलाही जुळं करून टाकलंय.”

“दिसतंय. वाळून खारीक झालीस.”

शालन हसत रिक्षा बघायला कोपऱ्यावर गेली. आक्का वाटी घेऊन आली. दही-साखर.

“आक्का, नको. आज कणभरसुद्धा चालणार नाही.”

“अरे, तुझीच ती नकली साखर आहे. एवढ्या मोठ्या कामाला कोरड्या तोंडानं पाठवू होय? हात पुढे कर.”

आई गेल्यापासून आक्कानंच त्याला वाढवलं होतं. अठ्ठावन्न वर्षांचा झाला, तरी तिच्यापुढे हात मागे घ्यायला तो शिकला नव्हता. तिनं तळव्यावर एकदा घातलं, दोनदा घातलं, मग उरलेली वाटीच त्याच्या तोंडाला लावली.

रिक्षा काही मिळेना. अर्ध्या तासानं पट्टी पिवळी झाली, मग लाल.

“आक्का, कुठली साखर घातलीस?”

“शुभ कामाला नकली कशी देऊ रे?” ती म्हणाली. “चार चमच्यांनी काय होतंय?”

फोन वाजला. पडद्यावर डॉक्टर निलोफर मुजावर, आणि त्यांच्यामागं भांडं. त्यातला गुलाबी थर कडेनं काळा पडत चालला होता.

“शेवटच्या दिवशी त्यांचं संरक्षक औषध काढून घेतो, काका, हे सांगितलं होतं ना? जोडणी तोडून पाहिली, पण उशीर झाला. गेल्या त्या.” डॉक्टरांचा आवाज दमलेला होता. “काय खाल्लंत?”

रिक्षा घेऊन आलेली शालन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

रंगनाथनं आक्काकडे पाहिलं. तिच्या ओठांचा रंग गेला होता.

“साखर,” तो म्हणाला. “मीच. डब्यातून घेऊन.”

त्याला वाटलं, आता आक्का मधे पडेल. शाळेत, भावकीत, कुठंही ती त्याच्यावर आळ येऊ देत नसे.

“तीनशे चौसष्ट दिवस समोर बसून मी कारल्याचा रस प्यायले,” शालन सावकाश म्हणाली. “आणि माझी पाठ फिरल्यावर तुम्हांला अर्धा तासही राहवलं नाही? आता दिसेनासं झालं की हात धरायला मला हाक मारू नका.”

आक्कानं वाटी पदराखाली घेतली.

“पहिल्यापासून असाच गं हा,” ती शालनला म्हणाली. “गोड दिसलं की भान राहत नाही.”

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला. रंगनाथला उरलेल्या डोळ्यानं बहिणीचा चेहरा अगदी स्वच्छ दिसत होता. वर्षभरानं हा चेहरा दिसायचा बंद होईल, तेव्हा आपल्याला वाईट वाटेल, की सुटल्यासारखं?