तबकडीवरचा बांध

यमुना घुगेने ‘मचवा’ यानाच्या बाहेरच्या कपाटातून स्मृतीच्या तबकडीची पेटी आत ओढून घेतली, तेव्हा पेटीवर बोटभर हिम साचले होते. तिने कमरेचे फडके काढून पेटी खसाखसा पुसली आणि ओले झालेले फडके परत कमरेला खोचले.

“आटप गं बाई!” कप्तान फत्तेसिंह जाचक मागून ओरडले. “भेग उघडायला पाव तास उरलाय, आणि तू भांडी घासल्यासारखी घासत बसलीस!”

“साहेब, ओली पेटी तशीच खोबणीत घातली तर आहे ती स्मृतीही जायची. मग ओरडायलाही कारण उरणार नाही.”

जलजीवांचा तज्ज्ञ सिरिल डिमेलो खिडकीशी तरंगत होता. तो वसईचा. तो हसून म्हणाला, “जाचक नावाचा माणूस जाच करणारच, यमुना. मनावर घेऊ नकोस.”

घाई खरीच होती. मचवा शनीच्या एन्सेलाडस नावाच्या बर्फाळ चंद्राभोवती फिरत होता. त्या चंद्राच्या बर्फाखाली खारा समुद्र आहे आणि दक्षिण टोकाच्या भेगांमधून त्याचे पाणी कारंज्यासारखे थेट अंतराळात उडते. मचवाने वर्षभर त्या तुषारांतून घिरट्या घातल्या होत्या. आज तिथली सगळ्यात मोठी भेग उघडणार होती. समुद्राच्या तळाचे पाणी वर फेकले जाणार होते. ती भेग पुन्हा उघडेल तेव्हा या तिघांपैकी कुणी हयात नसणार. आणि नेमकी आजच यानाची स्मृती तुडुंब भरली होती. ही जादा तबकडी चालू झाली नाही, तर डोळ्यांनी पाहण्यापलीकडे हाती काही लागणार नव्हते.

यमुनाने तबकडी पेटीसकट यंत्राच्या पोटातल्या मोकळ्या खोबणीत सरकवली, दोन तारा जोडल्या आणि खटका दाबला. बारीक गुणगुण सुरू झाली.

“झालं?” कप्तानांनी विचारले.

“नुसती बसवली. पाहुणा घरात आला म्हणजे घरचा झाला का? आधी यंत्राने तिला ओळखायला हवं. मग तिच्यावरचं जुनं काही असेल ते पुसायचं. मग बांध घालून कप्पे पाडायचे आणि प्रत्येक कप्प्याला नाव द्यायचं. कप्प्याला नाव नसलं तर त्यात काही लिहिता येत नाही.”

“बांध कशाला? सगळी एकसंध वापर.”

“एका कप्प्यात बिघाड झाला तर दुसरा वाचतो, साहेब. बांधाचा उपयोगच तो.”

यानाच्या यंत्रमनाला सगळे कारभारी म्हणत. यमुनाने त्याला हाक मारली. “कारभारी, नवी तबकडी दिसते का?”

“दिसते,” कारभाऱ्याचा संथ आवाज आला. “तिच्यावर दोन कप्पे आहेत. पुसू का?”

यमुनाचा हात खटक्यावरच थबकला. “कोरी तबकडी आहे ती. कारखान्यातून निघाल्यापासून कुणी उघडलेली नाही.”

“दोन कप्पे आहेत. पहिला भरलेला आहे. त्याला नाव आहे, पण ते मला वाचता येत नाही. दुसरा रिकामा आहे. पुसू का?”

“पूस!” कप्तान म्हणाले.

“थांब!” यमुना म्हणाली.

दोन उलटे हुकूम आले, तसे कारभाऱ्याने काहीच पुसले नाही. सिरिल खिडकी सोडून जवळ आला.

कप्तानांनी कपाळाला हात लावला. “यमुना, मला कळतं यातलं थोडं. त्या कपाटात या तबकडीला चिकटून काय पडलं होतं? आपली जुनी बाद झालेली तबकडी. दोन्ही लोहचुंबकी. शेजारी पडून पडून एकीची छाप दुसरीवर उमटली. झालं. पूस आणि मोकळी हो. एवढा प्रवास काय छाप बघायला केला?”

म्हणणे रास्त होते. किरणांच्या माऱ्यात टिकाव लागावा म्हणून यानावर जुन्या धर्तीच्या चुंबकी तबकड्या ठेवल्या होत्या आणि चुंबकाची छाप शेजारी उमटते, हे यमुनालाही ठाऊक होते. पुसले आणि ती छाप नसली तर? नाही पुसले आणि छापच निघाली तर?

“साहेब, छाप असेल तर बांध जुन्या जागीच असणार,” ती म्हणाली. “जुन्या तबकडीचा बांध मीच घातला होता. तीन वाटे संशोधनाला, एक वाटा यानाला. कारभारी, हिच्यावरचा बांध कुठे आहे?”

“बरोबर मधोमध.”

कप्तानांचा हात कपाळावरून खाली आला.

“आणि दुसरा कप्पा रिकामा म्हणजे कसा?” यमुनाचा आवाज चढला. “कारखान्यातून प्रत्येक तबकडीवर चाचणीची नक्षी उमटवून देतात. ती नक्षी तरी असेल.”

“नक्षी नाही. एकूण एक ठिपका पुसलेला आहे. मी पुसतो त्याहून स्वच्छ.”

“अहो साहेब!” यमुनाने कप्तानांची बाहीच धरली. “आमच्या माजलगावकडे सख्खे चुलतभाऊ बांधावरून जन्मभर बोलत नाहीत. दर वर्षी नांगराचं एकेक तास पलीकडे सरकवून बांध कोरतात. इथे कुणीतरी मोजून निम्म्यावर बांध घातलाय आणि दुसऱ्याच्या वाट्याची जागा झाडून पुसून ठेवलीय! छाप झाडू मारते का कधी?”

“पण कुणी? कपाटात कोण शिरणार?”

उत्तर सिरिलने दिले, आणि देताना तो इतका भरभर बोलू लागला की त्याची वसईची बोली मधेमधे डोकावू लागली. पृथ्वीवरच्या चिखलातसुद्धा असे सूक्ष्मजीव आहेत, की ज्यांच्या पोटात लोहचुंबकाच्या कणांची माळ असते. त्या माळेने ते दिशा ओळखतात. या समुद्रात असेच जीव असले, कोट्यवधींनी एकत्र राहत असले आणि एकमेकांशी चुंबकानेच बोलत असले तर? वर्षभर त्यांचे तुषार फटींतून कपाटात शिरून गोठत होते. आत एक लिहिलेली तबकडी आणि एक कोरी तबकडी, दोन्हींवर तेच हिम पसरलेले.

“जुनी त्यांनी वाचली,” तो म्हणाला. “वाचून त्यांना एवढंच कळलं, की इथले लोक जागा वाटून घेतात. मग नवी त्यांनी वाटली. अर्धी त्यांची, अर्धी आपली!”

कप्तान खाकरले.

“पहिल्या कप्प्याला कुणी हात लावायचा नाही,” ते म्हणाले. “दुसऱ्यात भेगेची नोंद मावेल?”

“दाबून भरली तर मावेल.”

“मग भर! बघतेस काय?”

यमुनाने आज्ञा दिली. पडद्यावर अक्षरे आली: ‘या कप्प्याला नाव द्या.’ ती ‘भेग’ असे लिहू लागली.

“यमुनाताई, थांबा,” कारभारी म्हणाला. “हा प्रश्न मी विचारलेला नाही.”

“म्हणजे? कप्पा पाडला की तू हेच विचारतोस.”

“विचारतो. पण तो प्रश्न तबकडीच्या पहिल्या पट्टीवर लिहिलेला असतो आणि ती पट्टी मी स्वतः लिहितो. या तबकडीवर मी अजून एक ठिपकाही लिहिलेला नाही.”

जुन्या तबकडीवरून त्यांनी बांध उचलला होता, तसाच हा प्रश्नही उचलला होता, हे यमुनाच्या ध्यानात आले. पण बांध त्यांनी जसाच्या तसा ठेवला नव्हता, विचार करून मधोमध आणला होता. मग प्रश्न तेवढा उगाच ठेवला असेल?

“आपलं नाव विचारतायत,” ती पुटपुटली.

“फडकं!” सिरिल एकदम ओरडला. “यमुना, पेटीवरचं हिम तू कशाने पुसलंस? ते जीव आता त्यातच आहेत, उत्तर वाचायला पेटीवर हवेत!”

तिचा हात कमरेला गेला. फडके अजून ओले होते. तिने ते दोन्ही हातांनी, झोपलेले मूल उचलावे तसे हळूच सोडवले. खोबणीचे झाकण उघडून ते तबकडीच्या पेटीवर पसरले आणि कोपरे नीट दाबून बसवले.

“काय लिहू?” तिने कप्तानांना विचारले.

फत्तेसिंह जाचकांनी आयुष्यात प्रथमच हुकूम द्यायला वेळ लावला. “यानाचं नाव लिही,” ते शेवटी म्हणाले. “आपल्या तिघांचं मिळून तेच आहे.”

तिने लिहिले: ‘मचवा’.

कप्पा उघडला. त्याच क्षणी खालची भेग उघडली आणि पाण्याची पांढरी भिंत शनीच्या उजेडात झळाळत वर आली. “आली! आली!” म्हणत कप्तान लहान पोरासारखे खिडकीला जाऊन चिकटले. तिचे तापमान, तिचा खारेपणा, तिचा वेग, सगळे मोजून कारभारी दुसऱ्या कप्प्यात धबधब्यासारखे ओतू लागला. सिरिल आनंदाने रडत होता की हसत होता, ते त्यालाही सांगता आले नसते.

यमुना खिडकीकडे गेलीच नाही. इतक्या लांबून जिच्यासाठी आली, ती भेग पाठीमागे उसळत असताना ती ओल्या फडक्याकडे पाहत बसली होती.

“कारभारी, बांध कसा आहे?”

“जागच्या जागी. आपल्या बाजूला कुणी आलेलं नाही.”

“आणि पलीकडे?”

कारभाऱ्याने पहिला कप्पा पुन्हा एकदा वाचून पाहिला.

“पहिल्या कप्प्यात त्यांच्या नावाशेजारी नवी खूण उमटते आहे. पुसतात, पुन्हा काढतात. तिसऱ्यांदा काढली.”

“कसली खूण?”

“आपल्या नावातलं पहिलं अक्षर असावं,” कारभारी म्हणाला. “दोन ठिपके चुकलेत, जरा वाकडं आहे. पण ‘म’ आहे.”