आसनावरचा खळगा

जुने दगड धुणं हे माझं काम. संग्रहालयाची मागची खोली, पाण्याची बादली, मऊ ब्रश आणि खुर्चीत बसलेले बाबा. बाबा मूर्तिकार. जन्मभर बुद्ध घडवले, आणि आता पोटच्या पोरीला ओळखत नाहीत. घरी एकटं ठेवायची सोय नाही, म्हणून सोबत आणते. मला ‘अहो बाई’ म्हणतात. एकदा, मेलं एकदाच ‘चिमणे’ म्हणावं, एवढीच माझी हाव.

परवा एक शिळा आली. झाडाखाली आसन, भोवती हात जोडलेली माणसं, आसनावर कुणीच नाही. दगडी गादीच्या मधोमध मात्र खळगा. मूर्ती निखळली असणार, असं समजून मी भरणीचा मसाला कालवायला घेतला.

“अहो बाई, भरताय काय?” बाबा ओरडले. “फार जुन्या काळी बुद्धांची मूर्ती करत नसत. आसन रिकामं ठेवत. बसलेत ते.”

मुलगी विसरले, हे बरं लक्षात राहिलं! माझा पारा चढला. पण नीट पाहिलं, तर तुटल्याची खूण कुठेच नव्हती. खळग्याला हात लावला. नुकतं कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखा तो कोमट होता. ऊन लागलं असेल, म्हटलं. त्या कोपऱ्यात ऊन येत नाही.

मग बाबा शिळेशी हळूहळू बोलू लागले. मध्येच थांबायचे, ऐकायचे, मान डोलवायचे.

“काय चाललंय?” मी विचारलं.

“माझ्या मुलीचं नाव विचारतोय. त्यांना माहीत आहे.”

मी ब्रश खाली ठेवला. “मग? सांगितलं का?”

“येऊन सांगतो म्हणाले.”

आज दुपारी मी बाबांशेजारी खुर्ची ओढून बसले. खोलीत सुस्त, पिवळा उजेड होता. माझा डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा नजर शिळेवर गेली.

गादी सपाट होती.

खळगा नव्हताच कधी, इतकी सपाट.

“चिमणे,” बाबा म्हणाले.

मी वळले. ते हसत होते, ते जुनं, ओळखीचं हसू. माझे डोळे घळाघळा वाहू लागले.

“बाबा! ओळखलंत मला?”

“अगं, ऊठ आधी,” ते हात जोडत कुजबुजले. “केव्हाचे उभे आहेत ते.”

मी उठले. माझ्या खुर्चीची उशी फुगून वर आली, आणि मग सावकाश मधोमध खाली गेली.