बंद न पडणारा रेडिओ

मिस्त्रीची कंबर सकाळपासून ठणकत होती, आणि त्यात ही जुनी निळी गाडी तिसऱ्यांदा दारात. तीस वर्षं गाड्यांच्या तारा जोडण्यात घालवलेल्या माणसाच्या एका रेडिओने नाकी नऊ आणावेत, याचा त्याला मनापासून राग आला होता.

"आपोआप बंद होतो," गाडीवाली बाई म्हणाली.

"आपोआप फक्त केस पांढरे होतात, ताई. बाकी सगळ्याला कारण असतं."

ती हसली नाही. कित्येक दिवस धड झोप न मिळालेला चेहरा होता तिचा. दिवसाआड ती वडिलांना डायलिसिसला न्यायची. जायला तास, यायला तास. ते म्हातारे गृहस्थ आत्ताही पुढच्या सीटवर मांडीवर हात ठेवून निमूट बसले होते.

ती मिस्त्रीला जरा बाजूला घेऊन गेली. "रेडिओ वाजत असला की बाबा शांत असतात. बंद पडला की मागे वळून बोलायला लागतात. कोणीतरी 'चला' म्हणतंय आणि ते नको म्हणतायत, असं. मला गाडी चालवणं मुश्कील होतं हो. त्यांच्याशिवाय मला कोणी नाही. काहीही करा, पण तो बंद पडू देऊ नका."

म्हाताऱ्या माणसांचं असं होतं कधी कधी, असं मिस्त्री म्हणाला आणि कामाला लागला.

फ्यूज बदलून झाला होता, अर्थिंगची तार घासून झाली होती. रेडिओ बाहेर काढून टेबलावर दुसऱ्या बॅटरीला जोडला, तर तो दुपारपर्यंत अखंड वाजला. गाडीत बसवून एकट्यानेच चक्कर मारली, तरी वाजला. म्हणजे माणूस बसला की सीटखाली एखादी तार दबत असणार. मिस्त्रीने दोन जुन्या बॅटऱ्या उचलून पुढच्या सीटवर ठेवल्या. कंबरेने त्याला शिव्या घातल्या. रेडिओ मात्र वाजतच राहिला.

शेवटी तो म्हाताऱ्यांनाच शेजारी बसवून निघाला. टेस्ट लॅम्पची तार रेडिओच्या जोडाला लावून दिवा डॅशबोर्डवर ठेवला होता. करंट तुटला की दिवा विझणार, साधा हिशेब.

एका वळणापाशी रेडिओ बंद पडला.

दिवा लख्ख पेटलेला होता.

म्हातारे सावकाश मागे वळले. "नाही, आज नको," ते अदबीने म्हणाले. "मुलगी घाबरते. तुम्ही जरा थांबा."

मिस्त्रीने आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. रेडिओ पुन्हा वाजायला लागला.

"कोणाशी बोलताय, बाबा?"

"मागे बसलेत त्यांच्याशी," म्हातारे म्हणाले, जणू हा काय प्रश्न झाला.

मिस्त्रीने गाडी गॅरेजकडे वळवली. खरं तर तो भ्याला होता, पण त्याहून जास्त थकला होता. आणि थकलेला कारागीर जे करतो तेच त्याने केलं. दोष सापडेना, तेव्हा दोषाला जागाच ठेवली नाही. बटण, किल्ली, फ्यूज, सगळं वगळून थेट बॅटरीवरून जाड तार आणली. आवाजही चढा ठेवून तिथेच पक्का केला. जोडांना सोल्डरचा डाग दिला.

"आता बटण फिरवलंत तरी बंद व्हायचा नाही. रात्री मात्र बॅटरीवरची तार काढून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरेल," त्याने सांगितलं. बाईचे डोळे भरून आले.

आठवड्याने ती मुद्दाम आली. चेहरा टवटवीत होता. गाडीत कसलंसं गाणं मोठ्याने चाललं होतं.

"एकदाही बंद पडला नाही! आणि बाबांचं ते नको-नकोही थांबलं. मी रात्रभर झोपते आता."

मिस्त्रीला बरं वाटलं. मग त्याचं लक्ष गेलं. पुढची सीट रिकामी होती.

"बाबा कुठेत?"

"मागे बसतात परवापासून. पुढे रेडिओमुळे ऐकू येत नाही म्हणाले."

बोलून झाल्यावर ती थबकली.

मिस्त्री मागच्या खिडकीशी गेला. म्हातारे एका कडेला अंग चोरून बसले होते, उरलेली सीट मोकळी सोडून. कानामागे हात धरून ते त्या मोकळ्या बाजूला झुकले होते.

"ताई, रेडिओ बंद करा," मिस्त्री म्हणाला.

तिने बटण फिरवलं. पुन्हा फिरवलं. गाणं चालूच राहिलं.

मिस्त्री बॉनेटकडे धावला. तार उपटायला किती वेळ लागतो?

काचेतून त्याला दिसलं. म्हाताऱ्यांनी मान डोलावली. मग मनगटावरचं घड्याळ सोडलं, पुढे वाकले, आणि ते हळूच मुलीच्या शेजारच्या सीटवर ठेवून दिलं.